छोट्या संरक्षित बेटावर जाणं आणि तंबूत राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्याजवळच्या लहान राखीव बेटांवर मी बरीच वर्षं जातो, तंबूत राहतो आणि नव्याने निघालेल्यांच्या शंकांना उत्तरं देतो. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते एका जागी आणले. प्रत्येक बेटाचे नियम वेगळे असतात. इथलं उत्तर आणि तिथला नियम जुळला नाही, तर तिथला नियम पाळायचा.

१. संरक्षित बेट म्हणजे तिथे कुणालाच जाता येत नाही का?

तसं नाही. काही बेटं खरोखर बंद असतात. आइसलंडजवळचं सर्ट्‌सी १९६३ मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीतून वर आलं. ओसाड जमिनीवर जीव कसा रुजतो हे पाहण्यासाठी ते राखलं आहे आणि तिथे संशोधकांखेरीज कुणी जात नाही. काही बेटांवर दिवसा फिरता येतं, पण तंबू लावता येत नाही. न्यूझीलंडचं टिरिटिरी माटांगी त्यातलं. आणि काही ठिकाणी तंबूसाठी जागा आखून दिलेली असते: इंग्लंडचं लंडी, कॅलिफोर्नियाच्या चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानातली पाचही बेटं, फ्लोरिडाच्या टोकापलीकडचं 'गार्डन की' हे बेट.

जाण्याची परवानगी आणि राहण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हातात आली म्हणून दुसरी गृहीत धरू नका.

२. परवानगी कुणाकडून घ्यायची आणि किती आधी?

बेट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून: वनखातं, राष्ट्रीय उद्यान, एखादा न्यास किंवा खासगी मालक. होडीवाल्याने 'चला, काही होत नाही' म्हटलं तर ती परवानगी नव्हे. माणसांची संख्या बहुतेक ठिकाणी ठरलेली असते. अमेरिकेतल्या कंबरलंड बेटावर, जे काही अगदी चिमुकलं नाही, अनेक वर्षं दिवसाला ३०० माणसांची मर्यादा राहिली आहे. लहान बेटांवर हा आकडा याहून बराच खाली येतो. त्यामुळे जायची तारीख ठरवून परवानगी शोधण्यापेक्षा परवानगी कधीची मिळते ते पाहून तारीख ठरवा.

३. कोणत्या महिन्यात जावं?

इथे दोन गोष्टींची ओढाताण असते. समुद्र शांत असतो ते महिने आणि पक्ष्यांच्या विणीचे महिने अनेक ठिकाणी एकच असतात. म्हणून बेटाचा काही भाग किंवा अख्खं बेट त्या काळात बंद ठेवतात. चौकशी करताना 'बेट चालू आहे का' एवढंच विचारू नका. 'त्या दिवसांत कुठल्या वाटा बंद असतात' हेही विचारा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने विणीचा हंगाम संपता संपता जावं. पिल्लं उडायला लागलेली असतात आणि आपल्या चुकीची किंमत त्यांना थोडी कमी मोजावी लागते.

४. एवढ्याशा बेटाला एवढे नियम कशाला?

एवढंसं आहे म्हणूनच. मुख्य भूमीवर एखाद्या प्राण्याला त्रास झाला तर तो दुसरीकडे सरकतो. बेटावर सरकायला जागाच नसते. शिवाय तिथले पक्षी उंदीर-मांजरांशिवाय वाढलेले असतात, पळणं किंवा लपणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं नसतं.

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं. माणसांबरोबर मांजरं आली आणि जमिनीवर फिरणारा, उडू न शकणारा तिथला चिमुकला रेन पक्षी काही वर्षांत जगातून नाहीसा झाला. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर एकोणिसाव्या शतकातल्या खलाशांबरोबर साधे घरातले उंदीर उतरले. आज ते अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्लं रात्री कुरतडून खातात. पिल्लू उंदरापेक्षा शेकडो पटींनी मोठं असतं, तरी जागचं हलत नाही. २०२१ मध्ये तिथले उंदीर संपवण्याची मोठी मोहीम झाली, ती फसली.

उलट उदाहरणही आहे आणि ते मला फार धीर देतं. लंडीवर २००२ ते २००४ या काळात उंदीर संपवले. २००१ मध्ये तिथे मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ३०० जोड्या होत्या, २०१७-१८ च्या गणनेत त्या पाच हजारांवर गेल्या. म्हणजे नियम पाळल्याचं फळ मोजता येतं.

५. निघताना बॅगा का उघडायला लावतात? आम्ही काय चोर आहोत?

शोध तुमचा नसतो, तुमच्याबरोबर नकळत निघालेल्यांचा असतो: उंदीर, मुंग्या, पाली, गोगलगायी, बिया. तपासणी धक्क्यावर होते, पण खरं काम घरी करायचं असतं. मी एक पांढरी चादर अंथरतो आणि त्यावर सगळी बॅग उलटी करून झटकतो. पहिल्यांदा असं केलं तेव्हा तंबूच्या पिशवीच्या शिवणीत कुसळी गवताची अकरा बियाणी अडकलेली सापडली, मागच्या मुक्कामाची. पायमोज्यांच्या काठात आणखी. बुटांच्या तळाच्या खाचांत वाळलेला चिखल होता, तो जुन्या दातघासणीने काढायला पाऊण तास लागला. आता ती दातघासणी बुटांसोबतच असते.

पिशवीची वेलक्रो पट्टी, पँटची दुमड, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय, काठीचं टोक या जागा हमखास राहून जातात. खाण्याचं सामान झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत भरा, कापडी किंवा कागदी पिशवीत नको. पुठ्ठ्याची खोकी टाळा. त्यांच्या नळ्यांसारख्या पन्हळीत किडे आणि त्यांची अंडी आरामात प्रवास करतात, आणि चॅनल आयलंड्सवर तर खोकी न्यायला बंदीच आहे. तिथे कुंडीतली रोपं, कापलेली फुलं, जळाऊ लाकूड, सायकलीही नेता येत नाहीत. बॅग भरल्यावर रात्रभर उघडी ठेवू नका. उंदीर शिरतो तो तेव्हाच.

६. भरती-ओहोटीचं गणित मला कधीच कळलं नाही. सोपं करून सांगाल?

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी.

माणसं फसतात ती वेगात. पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. एकूण चढावाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. ओहोटी संपल्यावर तासभर खडकावर बसून 'अजून कुठे काय चढलंय' असं वाटतं, आणि पुढच्या दोन तासांत वाट बुडते. हा अंदाज आहे. नेमक्या वेळा त्या जागेच्या भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायच्या आणि किनाऱ्याकडे वारा वाहत असेल तर पाणी तक्त्यापेक्षा जास्त चढेल हे धरून चालायचं.

७. आमचं बेट ओहोटीत चालत जाण्यासारखं आहे. मग होडीची काय गरज?

जाता येतं, पण जाणं आणि परतणं दोन्ही एकाच ओहोटीत बसतं का ते आधी पाहा. इंग्लंडच्या लिंडिसफार्नला जाणारा रस्ता रोज दोनदा पाण्याखाली जातो. वेळांचे फलक लावलेले असतानाही गाड्या अडकतात, म्हणून वाटेत खांबांवर उभ्या केलेल्या आसऱ्याच्या खोल्या आहेत. पायी निघालात तर ओहोटीचा तळ गाठायच्या आधी निघा आणि पाणी फिरण्यापूर्वी पलीकडे पोहोचा. मधेच उशीर झाला असं वाटलं तर पुढे रेटू नका, जवळचा किनारा गाठा. मुक्कामाची परवानगी असेल तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावर थांबणं कधीही चांगलं.

अशा बेटांचं आणखी एक दुखणं आहे, ते प्रश्न १९ मध्ये येईल.

८. होडीतून उतरायची भीती वाटते. धक्का नसेल तर?

भीती रास्त आहे. बेटाच्या सहलीत सगळ्यांत जास्त लागतं-खुपतं ते याच अर्ध्या मिनिटात. दोन्ही हात मोकळे ठेवा, बॅग आधी दुसऱ्याकडे द्या. होडी लाटेबरोबर वर येते आणि क्षणभर थांबते, तेव्हा पाऊल टाकायचं. होडी खाली जाताना कधीच नाही. होडी आणि खडक यांच्यामध्ये हात किंवा पाय घालून तिला अडवायला जाऊ नका. हिरव्या शेवाळावर पाय ठेवण्यापेक्षा खडकाला चिकटलेल्या खरखरीत कवचांवर ठेवलेला बरा. आणि तांडेल म्हणाला 'आज उतरता येणार नाही', तर वाद घालायचा नाही.

९. तंबू कुठे लावायचा? पुळणीवर लावला तर चालेल ना?

जागा आखून दिली असेल तर प्रश्न मिटला, तिथेच लावा. निवड तुमच्यावर सोडली असेल तर आधी किनारा वाचा. वाळूवर शेवाळ, काटक्या, प्लॅस्टिक यांच्या ओळी पडलेल्या दिसतील. खालची ओली ओळ शेवटच्या भरतीची. तिच्या वर एक वाळलेली, वाऱ्याने विस्कटलेली ओळ असते, ती उधाणाची किंवा मागच्या वादळाची. तंबू त्या वरच्या ओळीच्याही वर हवा.

पण अडचण अशी की वरच्या ओळीपलीकडची कोरडी वाळू हीच सुरय आणि चिखल्या पक्ष्यांची अंडी घालायची जागा, आणि जिथे कासवं येतात तिथे त्यांचीही. म्हणून विणीच्या दिवसांत पुळणीवर तंबू नको, हे माझं स्पष्ट मत आहे. त्यामागच्या वाळूच्या टेकड्याही नकोत. त्या वेलींनी आणि गवताने धरून ठेवलेल्या असतात. दोन रात्रींच्या वावराने ती वीण उसवते आणि पुढचं काम वारा करतो.

गवताळ माळ दिसायला निर्धोक वाटतो, पण त्याखाली वस्ती असू शकते. वेल्समधल्या स्कोमर या छोट्या बेटावर शिअरवॉटरच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या वीण घालतात, त्याही जमिनीखालच्या बिळांत. वाट सोडून टाकलेलं एक पाऊल बिळाचं छत पाडतं आणि आतलं अंडं किंवा पक्षी गाडला जातो. पाऊल टाकल्यावर जमीन भुसभुशीत लागली, भोकांच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती, पिसं किंवा विष्ठेचे पांढरे फराटे दिसले, तर आल्या पावली मागे फिरा. जिथून आलात तिथेच पावलं ठेवत.

मग उरतं काय? आधीच मळलेली, टणक, उघडी जागा. ती सुंदर नसते. तीच घ्या. कड्याच्या थेट खाली आणि बेटाच्या सगळ्यांत उंच टोकावर मात्र नको, एकीकडे दरड असते आणि दुसरीकडे वीज.

१०. वाऱ्यात तंबू टिकत नाही. कडेने दगड रचले तर?

दगड हलवू नका. स्टॉर्म पेट्रेलसारखे चिमणीएवढे समुद्रपक्षी दगडांच्या फटींत आणि जुन्या रचीव भिंतींत घरटी करतात. इतर वेळीही दगडाखाली कुणी ना कुणी राहतंच. त्याऐवजी रिकाम्या पिशव्या न्या, वाळू भरा, त्यांना ताणदोरी बांधा आणि हातभर खोल आडव्या पुरा. वाळूत लोखंडी खुंटी उपटते, पिशवी उपटत नाही. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे, दार उलट दिशेला. निघताना पिशव्या रिकाम्या करा आणि खड्डे बुजवा. कासवाच्या पिल्लाला टाचेने पडलेला खळगासुद्धा ओलांडताना जड जातो.

११. पाणी किती न्यायचं? बेटावर विहीर आहे असं ऐकलंय.

उन्हाच्या दिवसांत पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज ४ लिटर धरा आणि वर दोन दिवसांचं जास्तीचं न्या (का, ते प्रश्न २२ मध्ये). हे वजन खांद्याला कळतं, पण यात हात आखडता घेऊ नका. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यालेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं, म्हणून ते पिऊन तहान वाढतेच.

विहिरीबद्दल. वाळूच्या किंवा प्रवाळाच्या सच्छिद्र बेटावर पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली ते साधारण चाळीस मीटर उतरलेलं असतं. हिशेब उलटाही चालतो: वरचं पाणी थोडं उपसलं की खालचं खारं पाणी कितीतरी पटींनी वर चढतं. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला अनेक पावसाळे जाऊ शकतात. बेटावरच्या प्राण्यांना आणि झाडांना दुसरं पाणी नाही. आपलं पाणी आपण न्यावं, विहीर अडल्या वेळेसाठी ठेवावी आणि तेव्हाही पाणी उकळूनच प्यावं.

भांडी आणि अंघोळ: साबण 'निसर्गस्नेही' असला तरी डबक्यात किंवा झऱ्यात नको. भांडी आधी पुसून घ्या, मग थोड्या पाण्यात धुवा.

१२. शेकोटीशिवाय मुक्काम म्हणजे काय मजा? वाहून आलेलं लाकूड तर फुकटच पडलेलं असतं.

ते पडलेलं नसतं, कामाला लागलेलं असतं. त्याच्या आडोशाला वाळू अडते, बिया रुजतात, टेकडी उभी राहते. त्याच्याखाली ओलसर सावलीत किडे राहतात आणि त्या किड्यांवर किनाऱ्याचे पक्षी जगतात. शिवाय ठिणगीने गवत पेटलं तर लहान बेटावर ना आग विझवायची सोय असते, ना पळायला दुसरी बाजू. बहुतेक बेटांवर शेकोटीला बंदी असते ती यामुळे. छोटी गॅसची शेगडी चालते का ते विचारून घ्या.

जिथे ठरलेल्या खड्ड्यात शेकोटीला परवानगी आहे तिथे ती पाण्याने विझवा, हात लावून गार झाल्याची खात्री होईपर्यंत. वाळू लोटून झाकू नका. वाळूखाली निखारे तासन् तास तापलेले राहतात आणि दुसऱ्या दिवशी अनवाणी धावणाऱ्या पोराचा पाय भाजतो.

१३. शौचाला कुठे जायचं? आणि पाळी आली तर?

हा प्रश्न लाजत विचारला जातो, पण फार महत्त्वाचा आहे. संडास असेल तर तोच वापरा. नसेल तर बेटाचा नियम विचारा: अनेक लहान बेटांवर विष्ठासुद्धा बंद पिशवीत किंवा डब्यात घालून परत न्यावी लागते, कारण मातीचा थर पातळ असतो आणि कुजवायला पुरेसे जीवाणू नसतात. पुरायला परवानगी असेल तर १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्यापासून आणि तंबूपासून किमान ६० मीटर दूर, बिळं नसलेल्या जागी. कागद परत आणायचा.

हे अति वाटत असेल तर सर्ट्‌सीची गोष्ट ऐका. ज्या बेटावर बाहेरची एक बीसुद्धा जाऊ नये म्हणून एवढा पहारा, तिथे टोमॅटोचं रोप उगवलेलं आढळलं. कुणीतरी उघड्यावर शौच केलं होतं आणि पोटातून गेलेली बी रुजली होती. रोप नष्ट करावं लागलं.

पाळीसाठी: पॅड किंवा टॅम्पॉन पुरू नका, जाळू नका. प्राणी उकरून काढतात आणि प्लॅस्टिक अर्धवट जळतं. आतून दिसणार नाही अशी, झाकण घट्ट बसणारी बरणी न्या, तळाशी थोडा खायचा सोडा टाका, वास दबतो. कप वापरत असाल तर तो धुण्याचं पाणी वेगळं मोजून न्या.

१४. रात्री कुणीतरी किंचाळतंय असे आवाज येत होते. काय होतं ते?

बहुधा शिअरवॉटर. शिकारी कुरव (गल) पक्ष्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ते अंधार पडल्यावरच समुद्रावरून परततात आणि बिळातल्या जोडीदाराला घोगऱ्या, धापा टाकल्यासारख्या आवाजात हाका मारतात. काळोख्या रात्री हजारो एकदम बोलायला लागले की पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मी तंबूतून डोकं बाहेर काढलं तेव्हा एक पक्षी दोन हातांवर येऊन धप्पकन आदळला, पोट घासत, पाय लांब मागे टाकत बिळाकडे सरपटत गेला आणि आत शिरला. समुद्रावर पंख फारसे न हलवता तरंगणाऱ्या पक्ष्याला जमिनीवर धड चालता येत नाही.

अशा वेळी विजेरी अंगावर मारू नका. प्रकाशाने ते भांबावतात, जमिनीवर उतरून बसून राहतात आणि सकाळी कुरवांच्या तावडीत सापडतात. लागलाच तर मंद लाल प्रकाश, तोही पायाशी. कासवांच्या किनाऱ्यावर तोही नको: मादी उजेड पाहून अंडी न घालता परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. तंबूच्या आत लावलेला दिवाही बाहेरून कंदिलासारखा दिसतो, हे विसरू नका.

१५. खाण्याचं सामान तंबूत ठेवलं तर प्राणी येतील का?

येतील. चॅनल आयलंड्सवरचा बेटकोल्हा मांजरापेक्षा थोडा लहानच असतो आणि माणसाला बिचकत नाही. तिथले डोमकावळे तर बॅगेची चेन उघडायला शिकले आहेत. म्हणून मुक्कामाच्या जागी कडी लागणाऱ्या पेट्या ठेवलेल्या असतात. पेटी नसेल तर कडक प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा न्या. वास येणारं सगळं, दातांची पेस्ट आणि क्रीमसुद्धा, त्यातच ठेवा. मुद्दाम खायला घालणं तर नकोच, तो कितीही गोड चेहरा करून समोर बसला तरी. हे कोल्हे गेल्या शतकाच्या शेवटी नामशेष व्हायच्या बेतात होते. मोठ्या कष्टाने त्यांची संख्या सावरली आणि २०१६ मध्ये तीन बेटांवरच्या उपजाती धोक्याच्या यादीतून बाहेर आल्या.

१६. पक्षी डोक्यावर झेपा घेत होते. आम्ही तर काहीच केलं नव्हतं.

तुम्ही त्यांच्या घरट्याजवळ उभे होतात, एवढं पुरतं. सुरय वाळूतल्या नुसत्या खळग्यात अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची असतात. एकदा मी जागचा न हलता नुसतं खाली पाहत राहिलो, तर मिनिटभराने बुटापासून वीतभर अंतरावर दोन अंडी 'दिसली'. तोवर ती मला खडेच वाटत होती.

पक्षी उडाला की अंडं उघडं पडतं. तळपत्या वाळूवर काही मिनिटांत आतला जीव भाजून निघू शकतो, आणि कुरव तर टपलेलेच असतात. म्हणून फोटो काढत थांबू नका. प्रत्येक पावलाआधी खाली बघत, आलात त्याच वाटेने मागे या. अंतराचा सोपा नियम: प्राण्याने तुमच्यामुळे आपलं काम थांबवलं, मान वर केली, तर तुम्ही आधीच फार जवळ आला आहात. सीलनाही हेच लागू आहे.

१७. एकटं पडलेलं पिल्लू दिसलं. उचलून आणावं का? आणि मेलेला पक्षी दिसला तर?

पिल्लू बहुतेक वेळा एकटं नसतं. सीलची मादी पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून समुद्रात जाते, पक्ष्यांचे आईबाप मासे आणायला जातात, आणि तुम्ही दूर होईपर्यंत ते परतत नाहीत. लांब जा, जागा लक्षात ठेवा, बेटाच्या राखणदारांना कळवा.

मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. २०२१-२२ पासून बर्ड फ्लूने समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींत हाहाकार माजवला. इंग्लंडची फार्न बेटं त्यामुळे २०२२ मध्ये पर्यटकांना उतरायला बंद करावी लागली. फोटो काढा, ठिकाण नोंदवा, कळवा.

१८. ड्रोन उंचावरून उडवला तर कुणाला त्रास?

खालच्या पक्ष्यांना तो शिकारी पक्षी वाटतो. मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या राखीव पाणथळीत बेकायदा उडवलेला एक ड्रोन सुरयांच्या वसाहतीत कोसळला. पक्षी घाबरून उडाले ते परतलेच नाहीत आणि दीड हजाराहून अधिक अंडी मागे पडून वाया गेली. यावर आणखी काय लिहू?

१९. आमचा कुत्रा अगदी गरीब आहे. दोरीला बांधून आणला तर?

नाही. त्याचा स्वभाव हा मुद्दाच नाही. त्याचा वास घरट्यावरच्या पक्ष्याला उठवायला पुरतो, आणि रोगाचं काय? १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता कॅटालिना बेटावर बाहेरून आलेल्या डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाच्या साथीत तिथले सुमारे ९० टक्के बेटकोल्हे गेले. दृष्टिहीनांच्या मदतनीस कुत्र्याबाबत मात्र काही बेटं सवलत देतात, आधी लिहून विचारा.

एक खरा अपवाद ऐकण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियातलं मिडल आयलंड ओहोटीत चालत गाठता येतं आणि त्याच वाटेने कोल्हे जाऊन तिथले छोटे पेंग्विन मारत. २००५ पर्यंत शेकडोंचे दहाहून कमी राहिले. २००६ पासून मरेमा जातीचे, मेंढरं राखणारे कुत्रे राखणीला ठेवले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. ते कुत्रे त्या कामासाठी तयार केलेले होते. आपले नाहीत.

२०. एकच शिंपला आठवण म्हणून आणला तर काय बिघडतं?

रिकामा शंख हे संन्यासी खेकड्याचं घर असतं. अंगाने वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि तो नसला की अपुऱ्या शंखात किंवा बाटलीच्या झाकणात तो दिवस काढतो. तुमच्यासारखेच 'एकच' नेणारे वर्षभरात किती येतात ते होडीवाल्याला विचारा. दगड, प्रवाळ, पिसं, वाळू यांचंही तेच.

२१. मग प्लॅस्टिक तरी उचलू का? की त्यालाही बंदी?

उचला, पण पाहून. विणीच्या दिवसांत वरच्या कोरड्या वाळूवर आणि बंद भागात शिरू नका, एका बाटलीसाठी दोन घरटी तुडवली जातील. जाळ्याचा तुकडा घरट्यात विणलेला असेल तर ओढू नका, कळवा. शेवाळाचे ढीग तिथेच राहू द्या, तो कचरा नाही. आणि भरतीने आजच आणलेला खालच्या पट्ट्यातला कचरा बिनधास्त गोळा करा. परतीच्या होडीत पोतं घेतील का, एवढं आधी विचारा.

२२. ठरल्या दिवशी होडी आलीच नाही तर?

हे अपवादाने घडत नाही, घडणारच असं धरून निघायचं. बेटाच्या आसपास वारा बेताचा असला तरी दुरून आलेल्या लाटांमुळे उतरणं अशक्य होतं. माझ्यावर एकदा दोन रात्री जास्त राहायची वेळ आली. ऊन स्वच्छ पडलं होतं, वारा नव्हता आणि धक्क्यावर मात्र पुरुषभर लाट फुटत होती. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांचं पाणी एकत्र करून मोजलं आणि माणशी वाटून दिलं, त्याने निम्मी काळजी गेली.

जवळ असू द्या: दोन दिवसांचं जास्तीचं पाणी आणि न शिजवता खाता येईल असं अन्न, रोजची औषधं तितकीच जास्त, शिट्टी, आरसा, चार्ज केलेली पॉवर बँक. मोबाइलला रेंज असेलच असं नाही. गटात व्हीएचएफ रेडिओ (होड्यांवर वापरतात तो बिनतारी संच) चालवणारं कुणी असेल तर संकटाची हाक चॅनल १६ वर द्यायची. किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे लेखी ठेवा: कोण गेलंय, कुठे, कधी परतणार, किती वाजेपर्यंत निरोप नाही आला तर कुणाला कळवायचं. आणि पोहत परत जायचा विचारसुद्धा नको. बेट आणि किनारा यांच्यामधल्या अरुंद पाण्यातच प्रवाह सगळ्यांत ओढीचा असतो.

२३. लहान मुलांना न्यावं का?

दिवसभरासाठी आनंदाने न्या. मुक्कामाला नेण्याआधी एक कसोटी: 'थांब' म्हटल्यावर मूल जागच्या जागी थांबतं का? बिळांच्या माळावर आणि कड्याच्या काठावर एवढं एकच लागतं.

२४. स्वतःच्या कायाकने (वल्हवायच्या अरुंद होडीने) गेलो तर हे सगळे नियम लागतात का? आणि वादळात सापडून बंद बेटावर उतरावं लागलं तर?

पहिल्याचं उत्तर: सगळेच लागतात, तपासणीसुद्धा. उलट कायाकच्या पोकळीत उंदीर किंवा मुंग्या लपायला जागा जास्त, म्हणून निघण्याआधी ती झाकणं उघडून, आत उजेड टाकून पाहा. उतरायच्या जागाही ठरलेल्या असतात, सोयीची पुळण दिसली म्हणून कायाक चढवायची नाही.

दुसऱ्याचं: जीव वाचवण्यासाठी उतरा, त्यात मागेपुढे पाहू नका. उतरल्यावर मात्र पाण्यालगतच्या खडकावर किंवा ओल्या वाळूच्या वर लगेचच्या पट्ट्यात थांबा, आत शिरू नका, आणि पाणी चढत असेल तर खडकाखडकाने वर सरका. सामान कायाकमध्येच बंद राहू द्या, लागेल तेवढंच काढा. सुटका झाल्यावर बेट सांभाळणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा: कुठे उतरलात, किती वेळ होतात, काय काय उघडलंत, काही मागे राहिलं का. शिक्षेच्या भीतीने लपवू नका. काही उतरलं असेल तर त्यांना तिथे माग काढायला आणि सापळे लावायला जावं लागतं, आणि एका उंदराची दहा उंदरं व्हायच्या आत जावं लागतं.